धुऱ्यावरची मेंदी

भूतखेत, करणी, चकवा... यातलं काहीही मी मानत नाही. आयुष्यभर शाळेत सायन्स शिकवलं, कुणी अंगाऱ्याची पुडी पुढे केली तर तोंडावर परत केली. तरी हे लिहितेय, कारण राग अजून गेलेला नाही.

महाराष्ट्र राज्य नवीन होतं तेव्हाची गोष्ट. देऊळघाटजवळ आमचं शेत. वडील गेलेले, आई एकटी वाहायची. आमच्या आणि चुलतकाकांच्या शेतांमधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, वडिलांनी लावलेलं मेंदीचं कुंपण होतं. त्याला लागूनच, आमच्या बाजूला, विहीर. एका उन्हाळ्यात आम्ही मेहकरला लग्नाला गेलो, तेवढ्यात काकांनी ते कुंपण मुळासकट उपटून जाळलं, वर नांगर फिरवला, आणि सांगायला लागले की धुरा विहिरीच्या अलीकडे होता. म्हणजे विहीर त्यांची. विहीर गेल्यावर आम्ही पिकवणार काय, ढेकळं?

आईनं पंच शेतावर बोलावले. पाच मोठी माणसं, भर दुपार, हिरवं पान औषधाला नाही. आणि एकदम मेंदीच्या मोहराचा वास आला. तो गोड, जड वास... मोहराचे तुरे आम्ही लुगड्यांच्या पेटीत ठेवायचो, मी कशी चुकेन? एक पाऊल बाजूला सरकलं की बंद, परत आलं की नाकात. मी त्या वासानं चालत गेले — सरळ रेषेत, विहिरीच्या पलीकडून. पंचही माझ्यामागे, नाकं फुलवत.

"वास येऊन राह्यला का नाई, येवढंच सांगा," आई म्हणाली.

काका धोतराचा सोगा नाकाला लावून उभे. शेवटी पंचांतले म्हातारे पाटील म्हणाले, "वासावरून धुरा ठरत नसते, बाई. उद्या कोनी अत्तर शिंपडलं त?"

"मी अत्तराचं नाई विचारलं, पाटील."

निकाल काकांच्या बाजूनं लागला. कुंपण विहिरीच्या अलीकडेच होतं, आम्ही डोळ्यांनी पाहिलंय, असं पाचही जण बोलले.

वास कुठून आला? मला आजही माहीत नाही. वाऱ्यानं म्हणावं तर वारा पडलेला होता, आणि वारा काय रेष आखून वाहतो? पण माझी चीड त्या वासावर नाही.

निकाल देऊन सगळे काकांच्या बैलगाडीकडे निघाले; ती समोरच, त्यांच्या रानात, बाभळीखाली उभी होती. ऊन मी म्हणत होतं. मध्ये नुसतं नांगरलेलं रान, सरळ गेले असते तरी कुणी अडवलं नसतं. पण पाचही पंच आणि काका विहीर ओलांडून थबकले, डावीकडे वळले, कुंपणात पूर्वी येण्याजाण्यापुरती फट होती तिथपर्यंत चालत गेले... आणि तिथून एकामागून एक, अंग चोरून, पलीकडे गेले.