बैठकीतला सुरण

धानोऱ्याला टपालबाबू म्हणून रुजू झालो तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. सामान म्हणजे एक वळकटी, एक ट्रंक आणि एक आरामखुर्ची. ही खुर्ची गडचिरोलीहून निघालेल्या मोटारीच्या टपावर बांधताना क्लीनरनं मला दोनदा विचारलं होतं, "बाबू, धानोऱ्यालेच जाऊन राह्यले ना?" धानोऱ्याला आरामखुर्ची घेऊन जाणारा माणूस त्यानं बहुधा पाहिला नव्हता.

टपालकचेरी म्हणजे कवेलूचं, कौलारू, एक घर. पुढची खोली सरकारची, मागच्या दोन माझ्या. मातीच्या भिंती, शेणानं सारवलेली जमीन, एक खिडकी. त्या दोनपैकी पहिल्या खोलीला मी 'बैठक' म्हणायचं ठरवलं. आता बैठक म्हटली की ती सजवायला हवी. नागपुरात शिकत असताना मी एका प्राध्यापकांच्या घरी वह्या पोचवायला गेलो होतो. त्यांच्या बैठकीत खुर्चीशेजारी पितळेच्या घंगाळात रुंद पानांचं एक झाड होतं. घरात झाड! आमच्या अकोटकडे झाड म्हणजे शेताच्या धुऱ्यावरची बाभूळ, फार तर दारातली तुळस. ते घंगाळ माझ्या मनात घर करून बसलं होतं. इथं तर घराच्या मागच्या कुडापासूनच जंगल सुरू होत होतं. मग उशीर कशाला?

पहिल्या रविवारी नाल्याकाठच्या दगडांमधून हंसराज नेच्याचे चार झुबके उपटून आणले. कुंडीसाठी कुंभाराकडे गेलो. तळाला भोक असलेलं मडकं पाहिजे म्हटल्यावर तो हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघत राहिला.

"भोक पाडलं तर पानी कुठी राह्यल जी?"

"पाणी राहायला नकोच आहे."

"मंग मडकं काऊन पाह्यजे?"

त्याला पटलं नाही, पण मडकी त्यानं केली. मडकी नेताना मात्र बजावलं, की भोकाची मडकी मी बनवली असं कोणाला सांगू नका.

शेजारी एक ढिवर कुटुंब राहत होतं. घरच्या कर्त्याला सगळे भाऊ म्हणायचे; ते तलावात जाळं टाकायचे, बाई माझ्याकडे पाणी भरायच्या, सारवायच्या आणि दोन वेळच्या भाकरी करून द्यायच्या. त्या माझ्या आईच्या वयाच्या. मी त्यांना बाई म्हणायचो, त्या मला बाबू. सारवताना दर आठवड्याला एक नवं मडकं आडवं यायचं, तेव्हा त्या कंबरेवर हात ठेवून म्हणायच्या, "बाबू, आमी जनमभर जंगल घराभायेर काहाडून राह्यलो. तुमी आत आणून राह्यले!"

हंसराजानंतर मोहाच्या वाळक्या फांदीवर वाढलेलं एक आमरीचं, म्हणजे ऑर्किडचं, झाड आणलं आणि फांदीसकट खिडकीत टांगलं. बाई त्याला बांडगूळ म्हणत. उन्हाळ्यात त्याला तपकिरी-निळी, गोड वासाची फुलं आली, तेव्हा त्यांनी 'बरं बांडगूळ' एवढी बढती दिली.

आणि पावसाळ्यात मला तो सुरण दिसला. झाड कसलं, छत्रीच! जाडजूड एकच दांडा, त्यावर अजगराच्या कातड्यासारखी पांढुरकी नक्षी, आणि वर कातरलेल्या पानांचा कमानदार घेर. प्राध्यापकांचं घंगाळ त्याच्यापुढे फिकं पडलं. भाऊंनी सबलीनं खणून कंद काढला. तो माझ्या दोन्ही हातांत मावेना. कुंभाराकडे गळा फुटलेला एक रांजण पडून होता, त्यात माती भरून आम्ही तो लावला आणि आरामखुर्चीच्या शेजारी ठेवला.

"चांगला मोठा हाय," बाई म्हणाल्या. "खाले आणला का?"

"नाही बाई. पाहायला."

ताप चढलेल्या माणसाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

दिवाळीनंतर ते पान पिवळं पडलं आणि एके दिवशी दांड्यासकट आडवं झालं. मला वाईट वाटलं. पण रांजण हलवायला तिघं लागले असते, म्हणून तो तिथंच राहिला. त्यावर मी एक फळी टाकली आणि वर वर्तमानपत्रं ठेवू लागलो. आठ-दहा दिवस जुनी वर्तमानपत्रं, पण खुर्चीशेजारी टेबल असल्याचा थाट होता.

मे संपता संपता आईचं पत्र आलं. आर्वीची एक मुलगी सांगून आली होती. सगळं पसंत होतं, फक्त मुलीच्या वडिलांना जंगलाची धास्ती. मुलगी कुठं द्यायची ती जागा डोळ्यांनी बघितल्याशिवाय होकार देणार नाही म्हणाले. ते आणि त्यांची थोरली बहीण, म्हणजे मुलीची आत्या, गुरुवारच्या मोटारीनं येत होते.

माझी धांदल उडाली. मडकी गेरूनं रंगवली, हंसराजावर पाणी मारलं. वर्तमानपत्रं आवरायला गेलो तर रांजणावरची फळी एका बाजूनं कललेली. उचलून बघतो तो खालून जांभळट रंगाचा, मुठीएवढा कोंब वर आलेला. मेलेला सुरण जिवंत! पुढच्या चार-पाच दिवसांत तो कोंब कोबीच्या गड्ड्याएवढा झाला. हे पान नव्हतं, फूल होतं. पाहुण्यांच्या मुहूर्तावर घरात एवढं फूल, यापरता शकुन कोणता? मी आरामखुर्ची सरकवून बरोबर त्या फुलाच्या शेजारी लावली. मुलीच्या वडिलांची जागा ती.

गुरुवारी दुपारी मी पुढं टपालाचे शिक्के मारत होतो. शाळेचे गुरुजी पाकीट घ्यायला आले आणि दारातच थबकले.

"बाबू, काही मेलं का हो आत?"

मलाही वास आला होता, पण मी स्वतःला समजावत होतो. आत जाऊन बघितलं तर श्वास घेववेना. मेलेलं जनावर चार दिवस उन्हात पडावं तसा वास. बैठकीच्या मधोमध फूल पूर्ण उमललं होतं. भलंमोठं, मरून रंगाचं, झालरीचं. देखणं होतं. त्याच्याकडे कौतुकानं एक नजर टाकून मी उंदीर शोधायला लागलो.

ट्रंक हलवली, चूल बघितली. बाईंनी कोपरे झाडले. "कवेलूत मेला असन," त्या म्हणाल्या आणि त्यांनी भाऊंना हाक मारली. भाऊ छपरावर चढले आणि एकेक कवेलू काढून खाली देऊ लागले. बैठकीत उन्हाचे कवडसे पडले. उंदीर नाही. वास वाढतच होता. तेवढ्यात मोटारीचा भोंगा वाजला.

मुलीच्या वडिलांनी धानोऱ्यात पहिलं काय बघितलं असेल, तर छपरावर उभे असलेले भाऊ, अंगणात कवेलूचा ढीग आणि धोतराला माती लागलेला होणारा जावई.

"या, या," मी म्हणालो. "थोडं... उंदराचं काम चाललं होतं."

वडील दोन पावलं आत आले, रुमाल नाकाला लावला आणि तसेच मागे फिरून ओट्यावर जाऊन बसले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आत्याबाई मात्र पदर नाकाशी धरून सरळ आत गेल्या. त्यांनी खिडकीतली आमरी बघितली, मडकी बघितली आणि रांजणापाशी थांबल्या. वाकल्या. पदर बाजूला करून एकदा हुंगलं.

"अवो जावईबापू, कायचा उंदीर! हे फूलच सडका वास मारून राह्यलं!"

आणि त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की आरामखुर्चीत, त्या फुलाशेजारीच, बसल्या. मी लाजेनं लाल झालो होतो. पण 'जावईबापू' हा शब्द माझ्या कानांनी बरोबर टिपला.

बाई धावत आल्या. फूल बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"बाई, तुम्हांला तरी माहीत नव्हतं?" मी विचारलं.

"मले कसं माहीत असन जी? आमी सुरणाले फुलू देतच नाई. आंधीच खातो!"

भाऊ, मी आणि गुरुजी, तिघांनी मिळून रांजण परसाच्या टोकाला नेऊन ठेवला. घराला वास होताच, म्हणून बाईंनी अंगणात सडा घालून संध्याकाळची पानं तिथंच मांडली. वांग्याची भाजी, तांदळाच्या भाकरी, आंब्याचं पन्हं. वडील कुडापलीकडच्या जंगलाकडे बघत जेवत होते. शेवटी त्यांनी भाऊंना विचारलं, "इकडं वाघ फार आहेत म्हणतात?"

"हायेत नं जी," भाऊ म्हणाले. "पण आज नाई यायचे. त्यायलेई नाक हाय."

वडील पहिल्यांदा हसले. मग त्यांनी दुसरी भाकरी मागून घेतली.

लग्न मार्गशीर्षात झालं. आर्वीला परतल्यावर वडिलांनी घरच्यांना काय सांगितलं ते मला बायकोकडून कळलं. "मुलगा साधा आहे. घरही स्वच्छ आहे. सगळी कवेलू काढून दाखवली त्यानं, एक उंदीर निघाला नाही."

बायकोला झाडांचं फारसं वेड नव्हतं. आल्या आल्या तिनं हंसराजाची मडकी न्हाणीच्या भिंतीशी नेऊन ठेवली, कारण बैठकीत चालायला जागा नव्हती. ओल लागली तसा हंसराज माझ्या हाताखाली कधी वाढला नव्हता इतका वाढला. मी ते कबूल करायला बरेच दिवस घेतले.

तीन वर्षांनी बदलीचा कागद आला, राजुऱ्याचा. मडकी बाईंनी ठेवून घेतली. एका मडक्यात हंसराज तेवढा आम्ही नेला. राजुऱ्याच्या घरी वाऱ्याबरोबर कोळशाच्या खाणीची काळी धूळ यायची आणि सगळ्या वस्तूंवर बसायची. पहिल्याच आठवड्यात बायको हंसराजासमोर पाट घेऊन बसली, ओल्या फडक्यानं एकेक पान पुसत. मी दारात उभा होतो.

"नुसते बघत काय उभे राहिलात?" ती म्हणाली. "दुसरं फडकं घ्या आणि त्या बाजूनं सुरू करा."