टाकीवरची कळशी

बायकोच्या माहेरची तांब्याची कळशी मी तिला न विचारता कापली, आणि ती भांडली तेव्हा उलट तिच्यावरच ओरडलो. हे आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढं मी स्वतःचीच बाजू घेत बसेन.

चाकणच्या एका कंपनीत मी टूलरूममध्ये आहे. चिखलीत घराखालच्या पार्किंगमध्ये जुनी मोटारसायकल स्टीमपंक करायला घेतली होती. वाफेच्या इंजिनाचा थाट. तांब्याच्या नळ्या, रिव्हेट, हँडलवर भंगारातला प्रेशर गेज. शिफ्टमधले मित्र म्हणायचे, "राव, बंबावर बसून येणार का कामाला?" टाकी मढवायला तांब्याचा पत्रा हवा होता. माळ्यावर कळशी सापडली. तिच्या गळ्याशी ठिपक्याठिपक्यांनी काहीतरी कोरलेलं होतं. घासून जाईना, म्हणून वैतागून मी बफिंग व्हील लावलं.

रविवारी तिला कौतुकानं खाली बोलावलं. तिनं टाकीवरून हात फिरवला.

"नाव कुठंय?"

"कसलं नाव?"

"माझं. बाजारात नाव घालणाऱ्यासमोर आई उन्हात बसून राहिली होती. तुम्ही वाचलंसुद्धा नाही?"

"बावीस वर्षं माळ्यावर काळी पडत होती! भंगारच ना ते?"

"मग मलाही कापा. मीही तेवढीच वर्षं पडलेय इथं."

मी हातातला पाना फरशीवर आपटला. चार दिवस धुमसत होतो. एका कळशीसाठी एवढा तमाशा? कंपनीत सगळ्यांनी गाडीचे फोटो काढले, वाहवा केली, तरी राग जाईना.

पाचव्या दिवशी रेशनकार्डाच्या कामासाठी कागदांची पिशवी उपसली. आधार, पासबुक, लाइट बिल, सगळीकडे तिचं एकच नाव. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं मी लिहिलेलं, माझ्या आत्यानं सुचवलेलं. तिचं माहेरचं नाव या घरात फक्त त्या कळशीवर होतं. आणि ते लवकर पुसलं जात नाही म्हणून मी चिडलो होतो! स्वतःचा एवढा संताप मला कधी आला नव्हता.

ती कणीक मळत होती. मी तिला माहेरच्या नावानं हाक मारली, लग्नानंतर पहिल्यांदाच. तिचे हात थांबले.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "कळशी कापताना तुला विचारलं नाही. आणि नाव बदललं, तेव्हाही विचारलं नव्हतं."