बॉलपाशी थांबणारा हात

चाळिशी उलटल्यावर गोल्फ शिकायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं, ते हौसेनं नव्हे, रागानं. ऑफिसातली पुरुष मंडळी बड्या ग्राहकांबरोबर खेळायला जात आणि निम्मी कामं तिथेच ठरवून येत. मला सोमवारी नुसतं कळवलं जाई. म्हणून हट्टानं क्लास लावला. काही महिन्यांनी साहेब म्हणाले, "या शनिवारी तुम्हीही या." तिथे हसं झालं असतं तर पुन्हा कुणी विचारलं नसतं, हे न सांगताही कळत होतं.

आणि माझा बॉल काही पुढे जाईना. उगाच वर उडे नाहीतर पायाशीच घरंगळे. कोचनं एकच धोशा लावला होता, "मॅडम, तुमचा हात बॉलपाशी येऊन थांबतो." हात थांबला की मनगट मोडतं आणि काठीचं टोक हाताला मागे टाकून पुढे पळतं. टोला बसतो त्या क्षणी डावा हात बॉलच्या किंचित पुढे हवा, आणि तसाच पुढे जात राहायला हवा. मी थांबवतच नाही म्हणून वाद घातला, तर त्यानं मोबाइलवर व्हिडिओच दाखवला. ब्रेक मारावा तसा हात थांबत होता. मला माझ्याच हाताचा भयंकर राग आला.

शनिवारच्या आदल्या दिवशी रजा टाकून मी गावी, गासला, आमच्या वाडीत सराव करत होते. दोन माडांमध्ये मासेमारीचं जुनं जाळं बांधलं होतं, त्यात बॉल मारायचा. बाबा ऐंशीच्या पुढचे. खुर्ची टाकून बघत बसले होते. माझा बॉल पुन्हा पायाशी पडला आणि ते खूश होऊन म्हणाले, "हां, आसाच थांबवायचा हात!"

मी वैतागून काठी टाकली. मग एकदम लक्षात आलं, हा हात बाबांनीच घडवलेला. केळीचा लोंगर उतरवला की खांब तोडायला कोयता ते माझ्या हातात देत. खांबाला लागून मुनवा, म्हणजे केळीचा नवा कोंब, उभा असतो; पुढच्या वर्षीची केळ तोच. पातं खांबातून बाहेर येताक्षणी हात थांबला नाही तर मुनवा गेलाच. आमच्या आळीत पोरींच्या हाती कोयता देत नसत. बाबांनी दिला, याचा मला अजून तोरा आहे.

मी त्यांना समजावलं, "बाबा, या खेळात हात थांबवायचा नसतो. पुढे जाऊ द्यायचा असतो."

ते खुर्चीला धरून उठले, बॉलपाशी आले, वाकून आजूबाजूचं गवत हातानं चाचपलं. "इथं मुनवा नाय," ते म्हणाले. आणि सरळ होत, "तू लहान होतीस तवा मी मुनव्याच्या म्होरं हात धरायचो माजा. तू थांबावंस म्हनून. आठवतंय?"

मला आठवत नव्हतं. कोयत्याच्या वाटेत स्वतःचा पंजा धरून हा माणूस बसायचा, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. माझ्या हाताला मात्र तो होता.

बाबा दोन पावलं मागे सरले. दोन्ही हात पाठीमागे बांधून म्हणाले, "आता नाय धरला. मार."

मी मारलं. हात थांबला नाही. बॉलच्या पुढे गेला, वर खांद्यापर्यंत गेला, आणि बॉल सणसणत जाळ्यात शिरला. शनिवारी लाज राहणार, हे तेव्हाच कळलं. पण आनंद व्हायचा तर मला रडूच फुटलं. मनगट धरून मी तशीच उभी राहिले.

बाबा घाबरले. "लागलं काय गो बाय?"

"नाही, बाबा."

"मंग परत मार."