अकरा मिनिटांचं गाणं

"घाई काय हाय?" असं म्हणून आमच्या पार्टीतले काका बेंजोच्या तारेवर बोट ठेवायचे आणि पुढचं अर्धं मिनिट काहीच वाजवायचे नाहीत.

वरातीत वाजवणाऱ्याला घाई नसेल तर काय होतं, हे तुम्हीही कधी उन्हात ताटकळत भोगलं असेल. बेंजो पार्टीचा टेम्पो ज्या चालीनं जातो त्याच चालीनं वरात जाते. आमचे मालक केबिनमधून ओरडायचे, "पळवा, पळवा!" मी पॅड बडवायचो आणि काका हळूच चाल उतरवायचे.

सगळी भानगड त्यांच्या भाच्याच्या मोबाइलनं केली. फिनलंडमधल्या काही वादकांनी आपापले मोठे बँड सांभाळून बाजूला एक जोडबँड काढला होता. म्हशीच्या चालीनं चालणारं जड स्टोनर रॉक आणि त्यावर ब्लॅक मेटलचं किंचाळणं. काकांनी ते सलग चारदा ऐकलं. "बघ गड्या, बर्फातली मानसं बी साइडचं काम करत्यात. मंग आपुन का नाय?"

तसाच फाटका आवाज यावा म्हणून चांगल्या स्पीकरचा पडदा त्यांनी गोधडीच्या सुईनं भोसकला. त्यातून बेंजोचा जो आवाज निघाला तो ऐकून मी घाबरलो आणि ते खूश झाले. मग मोबाइलवरच्या त्या वादकांसारखी तोंडाला पांढरी पावडर, डोळ्यांभोवती काजळ अशा थाटात भाच्याला धरून आम्ही तिघं हर्सूल तलावाकडं तालमीला जाऊ लागलो. एकदा काका घसा फाडत असताना शेळ्या चारणारा एक म्हातारा धावत आला.

"कोन गेलं हो?"

"अजून कोनी नाय. बसा, गाणं हाय."

म्हातारा बसला. शेळ्या मात्र निघून गेल्या.

गाणं काकांनी स्वतः बांधलेलं, अकरा मिनिटांचं. ते माणसांसमोर एकदा सबंध वाजावं, एवढंच त्यांना हवं होतं. तशी संधी त्यांनी गंगापूरच्या एका वरातीत साधली. मालक चहाला उतरले आणि काकांनी सुरुवात केली. नाचणारी पोरं आधी गोंधळली, मग डोळे मिटून डुलू लागली. घोडी उभ्या उभ्या पेंगली. पाच मिनिटांत वरात चार पावलं सरकली. मुहूर्त टळायला आला तसा नवरदेवाचा मामा मालकांना हाताला धरून घेऊन आला. मालकांनी वायरच उपटली.

"पुन्ना हे वाजलं तर टेम्पोत पाय ठेवायचा नाय!"

काकांनी पुन्हा ते वाजवलं नाही. मला मालकांचा फार राग आला होता, पण पुढच्या सुपाऱ्या मलाही हव्या होत्या. मी गप्प बसलो, त्याची लाज अजून वाटते.

यंदा पावसाळ्याआधी काका गेले. अंत्ययात्रेपुढं आमचाच टेम्पो होता, त्यावर तोच भोसकलेला स्पीकर. बेंजो भाच्यानं घेतला. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मी न विचारता ती जड चाल धरली. किंचाळायची जागा आली तेव्हा आम्ही ती मोकळी सोडली.

स्मशानाच्या फाटकाशी पोचलो तेव्हा सातवं मिनिट चालू होतं. खांदेकरी आत वळू लागले. पुढच्या खांद्याला मालक होते.

"थांबा," ते म्हणाले. "पुरं होऊ द्या. घाई काय हाय?"

खांदे दोनदा बदलले. शेवटची तार वाजून विरली, तरी कुणी चला म्हणेना.