दाजींची हजेरी

दाजी घराबाहेर पडायचे ते हजेरी घेऊनच. माणसांची नव्हे, सामानाची. जन्मभर शाळेत पी. टी. शिकवलेला माणूस, निवृत्तीनंतर पोरं उरली नाहीत, तेव्हा वस्तूंना रांगेत उभं केलं. पुण्यातल्या पुण्यात, मांजरी गावाहून स्वारगेटला आमच्याकडे जेवायला निघायचं असलं तरी दारात उभं राहून पुकारायचे, "चष्मा? किल्ली? छत्री?" ती वस्तू ज्याच्याकडे असेल त्यानं "आहे" म्हणायचं, आणि तिला हात लावून म्हणायचं. मी एकदा पेपरातून डोकं वर न काढता "आहे" म्हणालो, तर म्हणाले, "तोंडाला विचारलं नव्हतं मी. हाताला विचारलं होतं."

ताई माझ्याहून बरीच मोठी. तिचं लग्न झालं तेव्हा मी हाफ पँटमध्ये होतो. पोहणं, सायकल आणि गळ टाकणं मला दाजींनी शिकवलं. वडील अबोल होते, मीही त्यांच्यावर गेलो. दाजींना ते चालायचं. धरणाच्या काठावर आम्ही अख्खा रविवार न बोलता काढत असू. मासे क्वचितच लागायचे. संध्याकाळी सोसायटीतलं कुणी रिकामी पिशवी बघून खवचटपणे विचारायचं, "काय मास्तर, मिळाले का मासे?" दाजी शांतपणे सांगायचे, "विचारलं होतं. नाही म्हणाले."

त्यांची एकच हौस राहिली होती. काठावरून पुरे झालं, एकदा बोटीतून आत समुद्रात जायचं आणि खोल पाण्यात गळ सोडायचा. माझ्या मुलीनं, सईनं, हट्ट धरला आणि मी एका शनिवार-रविवारी दापोलीच्या पुढची एक बोट ठरवली. दाजी आठवडाभर रिळांना तेल देत होते. आदल्या दिवशीच ते आणि ताई आमच्याकडे येऊन राहिले.

सकाळी पार्किंगमध्ये हजेरी सुरू झाली. "रॉड?" सईनं हात लावून ओरडून सांगितलं, "आहे!" "पाणी?" माझी बायको "आहे" म्हणाली आणि सईला घेऊन गाडीत बसली, काचा वर करून. ताई अजून लिफ्टमध्ये होती, जवळ होता तो फक्त वॉचमन. "काळी पिशवी?" काळ्या पिशवीत रिळं, तंगुसाचा दोरा, गळ, शिसं, सगळं होतं. ती त्यांनी माझ्या पायाशी ठेवली होती. माझ्या कानाला ऑफिसचा फोन होता. मी पिशवीकडे पाहिलंही नाही. "आहे," म्हणालो आणि गाडीत बसलो.

बोट किनारा सोडून बरीच आत गेल्यावर दाजींनी पिशवी मागितली. मी सीटखाली बघितलं, टोपल्यांमागे बघितलं, आणि मला पार्किंग आठवलं. नुसते रॉड काठ्यांसारखे पडले होते. सई रडवेली झाली. बायको माझ्याकडे बघत होती. सुट्टीतही फोन सुटत नाही यावरून वाटेत आमचं वाजलं होतं. ती काही बोलायच्या आत मीच बोललो.

"दाजी, तुम्ही काळ्या पिशवीचं नाव घेतलंच नाही."

मी असं का म्हणालो याचं उत्तर मी इतकी वर्षं शोधतो आहे. मोठं कारण सापडत नाही. बायकोची नजर चुकवायची होती, बस्स. दाजींनी मला उलट विचारलं असतं तर मी लगेच कबूल केलं असतं. पण ते भांडले नाहीत. पाण्याकडे बघत त्यांनी ओठांतल्या ओठांत सगळी हजेरी पुन्हा म्हणून पाहिली. मग म्हणाले, "मला तर वाटलं, घेतलं."

ताई म्हणाली, "वाटलं असेल. परवा दूधही असंच उतू गेलं."

बोटवाल्यानं त्याची हातानं सोडायची गळाची दोरी पुढे केली. दाजींनी ती सईकडे दिली आणि परत येईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसले. रविवारी घरी पोचलो तेव्हा वॉचमननं पिशवी त्यांच्याच हातात दिली. "मास्तर, इथंच राहिली होती बघा." दाजींनी त्याचे आभार मानले. मी तिथंच, लिफ्टचं बटण दाबत उभा होतो.

पुढे ते एकच हजेरी दोनदा घेऊ लागले, मग तीनदा. स्टॉपवरून परत घरी जाऊन गॅस बघायचे. ताई वैतागायची. मीच त्यांना डॉक्टरकडे नेलं, हे लिहितानाही लाज वाटते. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं स्मरणशक्ती उत्तम आहे. बाहेर आल्यावर दाजी म्हणाले, "डॉक्टर बोटीवर कुठं होते?"

स्कूटरची किल्ली त्यांनी आपण होऊन ताईला दिली. रॉड कुणाला तरी देऊन टाकले. एकदा सईला क्लासमधून आणायला सांगितलं तर हात जोडून म्हणाले, "नको रे. पोरीचंच नाव घ्यायचं राहिलं तर?" त्यानंतर हजेरी बंद झाली. कुठं जायचंच नाही म्हटल्यावर पुकारणार काय?

प्रत्येक वेळी मला वाटायचं, आज सांगू. पण जितका उशीर झाला तितकं ते सांगणं अवघड होत गेलं.

शेवटी त्यांच्या फुप्फुसात पाणी झालं. हॉस्पिटलमध्ये दुपारी त्यांच्या उशाशी बसलो होतो, ताई डबा घेऊन नुकतीच आत आली होती. मी तिच्यादेखत सगळं सांगितलं. फोन, पिशवी, न बघता म्हटलेलं "आहे", बोटीवरचं खोटं. "तुम्ही नाव घेतलं होतं, दाजी. तुमचं काहीही चुकलं नव्हतं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग इतक्या प्रेमानं हसले की मला खाली बघावं लागलं.

"म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून स्वतःवर घेतोस होय? लहानपणापासून असाच आहेस तू. मनाचा मोठा."

"अहो, तो खरं सांगतोय," ताई म्हणाली.

"तूही त्याच्यात सामील?" दाजींनी तिचा हात थोपटला. "बास आता. दोघं ठरवून आलात, कळलं मला. त्याला वाढ काहीतरी, सकाळपासून उपाशी दिसतोय."

मी पुन्हा सांगितलं. वॉचमनला आणून उभं करतो म्हणालो. त्यांनी डोळे मिटले होते. त्या आठवड्यातच ते गेले, आपलं डोकं आपल्याला दगा देतं आणि मेव्हणा मात्र सोन्यासारखा आहे, अशा समजुतीत.

तेराव्याला पाहुणे पांगल्यावर ताई माझ्यासमोर येऊन बसली. रडली नाही. म्हणाली, "उठता-बसता मी त्या माणसाला म्हणायचे, 'तुम्हाला नाही आठवायचं, राहू द्या.' आणि तू समोर बसून चहा पीत होतास."