डॅशकॅमला लावलेलं चंदन

आधीच सांगतो — हे मी आता शेवटचं सांगतोय. तोंडाने सांगून सांगून दमलो. जो भेटतो तो म्हणतो, "तो आवाज काढून दाखव ना." म्हणून एकदाच लिहून टाकतो, ज्याला हवं त्याने वाचावं.

भूतबित मी मानत नाही. मानणार कसा... आमच्या गल्लीत भुताचं काम आजवर मीच केलंय. मला नकला येतात. शाळेत हेडमास्तरांच्या आवाजात सुट्टी जाहीर केली, तर अर्धी शाळा घरी गेली. वारलेल्या आजोबांच्या आवाजात आत्याला स्वयंपाकघराबाहेरून "कॉफी आण गं" म्हणालो. तिने नंतर माझ्याशी अबोला धरला — पण आधी कॉफी टाकली होती.

आम्ही कुंभकोणमचे. घरात तंजावरी मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. आमचं जुनाट मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे गालात हसतात, म्हणून इथे जमेल तेवढं तुमच्यासारखं लिहितोय. मी बसस्टँडजवळ मोबाइलच्या दुकानात कामाला आहे. आमच्या बाबूकाकाची टॅक्सी आहे — स्वामीमलै, तिरुक्करुगावूर, अशी देवदर्शनाची भाडी. गाडीच्या पुढच्या काचेला रस्ता टिपणारा डॅशकॅम मीच बसवून दिला.

आयुधपूजा, म्हणजे तुमची खंडेनवमी, झाली आणि त्याचे व्हिडिओ धूसर यायला लागले. ताकातून बघितल्यासारखे. काका रोज म्हणायचा, "अरे माकडा, बघ की जरा." मी म्हणायचो, फर्मवेअर जुनं झालंय, रविवारी अपडेट मारतो. रविवारी दुकान उघडंच असायचं.

मग ते झालं. भर दुपारी काका तिरुक्करुगावूरला भाडं सोडून एकटाच परत येत होता. पापनाशमच्या अलीकडे रस्त्यावर भात वाळत घातलं होतं. सुगीत आमच्याकडे अर्धा रस्ता भाताचाच असतो. पुढे मोपेडवर एक म्हातारे गृहस्थ होते, ते पडले. काकाने ब्रेक मारला, त्यांना उचलून मागच्या सीटवर घातलं आणि हॉस्पिटलला नेलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा पोलीस स्टेशनात हजर — याच टॅक्सीने उडवलं म्हणून. म्हाताऱ्यांना स्वतःला काहीच आठवेना.

इन्स्पेक्टर काकाला म्हणाले, "गाडीला कॅमेरा आहे ना? उद्या व्हिडिओ घेऊन या. नसेल तर केस होणार, लायसन्स इथे ठेवायचं."

काकाला गाडीशिवाय दुसरं काही येत नाही. ते त्यालाही माहीत होतं, मलाही.

घरी येऊन मी कॅमेऱ्याचं कार्ड लॅपटॉपला लावलं. पिवळट धुकं, त्यात एक काळा ठिपका, मग ब्रेकचा आवाज. ठिपका गाडीच्या आधी आडवा झाला की गाडी लागल्यावर... काही कळेना. मी ती क्लिप माझ्या फोनमध्ये कॉपी केली आणि दुकानातल्या मित्राला पाठवली. तो म्हणाला, यातून काही निघणार नाही.

काका म्हणाला, "माकडा... मीच मारलं का रे त्यांना?"

"तूच होतास ना तिथे!"

"होतो. पण ऊन तोंडावर होतं. धप आवाज आला एवढं आठवतं. आधी आला की नंतर, आता काही खात्री वाटेना बघ."

मला नकला सुचेनात. असं सहसा होत नाही.

"ते अपडेट करून टाक," काका म्हणाला. "साफ दिसेल."

मी समजावलं, की अपडेटने पुढचं शूटिंग सुधारतं, झालेलं नाही. त्याच्या समाधानासाठी फाइल डाउनलोड केली, कार्डात टाकली, कार्ड कॅमेऱ्यात. लाल दिवा लुकलुकला, कॅमेरा बंद होऊन चालू झाला. नवीन रेकॉर्डिंग करून बघितलं — तेच ताक!

तेव्हा कुठे मी मान वाकडी करून, काच आणि कॅमेऱ्याच्या मधल्या फटीत डोकावलो. लेन्सवर चंदनाचा वाळलेला टिळा होता. मधोमध कुंकू.

"काकी!!"

काकी पदराला हात पुसत बाहेर आली. "काय झालं ओरडायला? आयुधपूजेला स्टिअरिंगला लावलं, चाकाला लावलं, त्या पाना-पकडीलाही लावलं. ह्यालाच सोडायचं होतं काय?"

काका हसला. त्या दिवसातलं पहिलं हसू. मी ओल्या फडक्याने लेन्स पुसली, परत रेकॉर्डिंग केलं — समोरच्या घराच्या रांगोळीचे ठिपके मोजावेत इतकं स्वच्छ.

"आता जुना व्हिडिओ लाव," काका म्हणाला.

"काका, जुना तसाच असणार रे..."

"लाव तर."

लावला. सुरुवात तीच, पिवळं धुकं. मग एक आवाज. बाईचा, अगदी कॅमेऱ्याजवळून. आमच्या मराठीत.

"थांब रे, पुसते."

आणि धुकं डावीकडून उजवीकडे पुसलं गेलं. रस्ता, भात, मोपेड. मोपेडचं चाक भातावर सरकलं, म्हातारे पडले, आणि काकाची गाडी तेव्हा चांगली लांब होती. मग ब्रेक. त्याच्या पुढची क्लिप परत धूसर. आधीचीही.

मी फोनमधली कॉपी लावली. धुकं, ब्रेक. बाई नाही. तीच तारीख, तीच वेळ.

काकी म्हणाली, "हा आवाज माझा नव्हे." काका डोळे पुसत बसला.

दुसऱ्या दिवशी स्टेशनात म्हाताऱ्यांचा मुलगा उसळला. "सार, हा पोरगा नकलाकार आहे! अस्सा आवाज काढतो, कम्प्युटरवर काहीपण करेल!" इन्स्पेक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मंदिराच्या उत्सवात मी त्यांचीच नक्कल केली होती, ती ते विसरले नव्हते.

"तंबी," — म्हणजे आपलं 'बाळा' — "हा आवाज तुझा?"

"नाही सार."

"काढून दाखव."

मी काढला. सगळे ऐकत होते. शब्द बरोबर आले, पण ती बाई येईना. परत काढला. तिसऱ्यांदा घसा बसला. त्या आवाजात एक थकवा होता... अख्ख्या घराचं आवरून झाल्यावर कुणीतरी आणखी एक काम सांगावं, आणि तिने तेही करावं, तसा. शेवटी हेड कॉन्स्टेबलच म्हणाले, "सार, पोराला नाही जमत."

म्हाताऱ्यांच्या मुलाने ती क्लिप परत लावायला सांगितली. आवाज बंद करून, नुसतं चित्र. आपले वडील पडताना त्याने नीट बघितलं. मग काकाला म्हणाला, "तुम्ही उचललंत ना त्यांना... बरं." तक्रार तिथेच संपली.

मित्र म्हणतो कार्डाचा घोळ असेल, पहिल्यांदा फाइल अर्धवट वाचली गेली असेल. असेल. पण चंदन लेन्सवर होतं, आणि काका गाडीत एकटा होता. मला यातलं काही जुळवता येत नाही, आणि आता जुळवायचा कंटाळाही आलाय. कॅमेऱ्याच्या ॲपवर परत सूचना आलीय — नवीन अपडेट, चित्र आणखी सुधारेल. मी रोज "नंतर" दाबतो.

कधी काका जेवायला गेला की मी त्याच्या गाडीत बसून करून बघतो. "थांब रे, पुसते." दमलेला आवाज येतो. पण तो माझाच असतो.