बुटांचा दर

तंजावरात केबल टीव्ही नुकता आला होता. त्यावरची जाहिरात बघून मी या माणसाला घरी बोलावलं. त्याला गालिचे साफ करणारा म्हटलेलं खपत नसे. तो ‘कार्पेट स्पेशलिस्ट’ होता. गळ्यात टाय, हातात व्हॅक्यूमचं यंत्र आणि पायात चकचकीत बूट.

चपला-बूट उंबऱ्याबाहेर काढायचे, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही कळतं. हा मात्र बायकोने पहाटे दारात काढलेलं तांदळाच्या पिठाचं कोलम तुडवत थेट आत आला, आणि मेव्हण्याने मस्कतहून आणलेल्या लाल गालिच्यावर उभा राहिला. मग टेप काढून त्याने मापं घेतली. दर चौरस फुटावर होता. आकडा ऐकून मी हबकलो. तेवढ्या पैशांत आमचं महिन्याचं दूध येई. पण टीव्हीवर झळकणाऱ्या माणसाशी घासाघीस कशी करणार?

यंत्र बराच वेळ घरघरलं. मग त्याने पिशवी उघडून आतली पांढरी पूड मोठ्या ऐटीत दाखवली. “बघा सार, किती घाण!”

बायकोने वाकून बघितलं. “घाण कसली? माझं कोलम आहे ते. तुमच्याच बुटांनी आत आलंय. बूट काढायला काय झालं होतं?”

तो जराही ओशाळला नाही. “अनवाणी माणसाला मजुरी देतात, अम्मा. बूटवाल्याला चार्ज देतात.”

मी निमूट पैसे मोजले. जाताना त्याने उरलेलं कोलमही तुडवलं. तेवढं फुकट.